बरांगायात आपली खुर्ची कशी मांडायची

बरांगाय म्हणजे फिलिपिन्समधली वस्ती आणि तिचं छोटं स्थानिक सरकार. तिथे बाक्ला, म्हणजे समलिंगी पुरुष किंवा ट्रान्स बाई, म्हणून आपली जागा कशी करायची ते सांगतो. पहिल्यांदा बरांगाय हॉलमध्ये जाल तेव्हा 'हक्क' हा शब्द खिशातच राहू द्या. सेक्रेटरीला एवढंच विचारा, "शनिवारी खुर्च्या किती लागतील?" ती आकडा सांगेल, बहुधा कमीच. शनिवारी तासभर आधी कव्हर्ड कोर्टवर जा. बास्केटबॉलचं पत्र्याच्या छपराचं हे मैदान म्हणजे इथली चावडी, मंगल कार्यालय आणि पूर आला की छावणी, सगळं एकच. पांढऱ्या मोनोब्लॉक खुर्च्या एकात एक रुतून बसलेल्या असतात. त्या सोडवून रांगेत मांडा. कार्यक्रम संपून लोक पांगले की परत रचून ठेवा. असे तीन महिने काढा.

मी नेमकं उलट केलं होतं. २०१२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, टाइप केलेलं दोन पानी भाषण घेऊन गेलो. काप शांतपणे ऐकत होते. (बरांगायच्या कॅप्टनला, म्हणजे पुनोंग बरांगायला, सगळे 'काप'च म्हणतात.) भाषण संपल्यावर म्हणाले, "छान बोललास हं. मे महिन्यात सांताक्रुसानच्या कमानी तूच कर. तुम्हा लोकांचा हात चांगला असतो." सांताक्रुसान म्हणजे फुलांच्या कमानींखालून निघणारी मिरवणूक. दोन पानांची मेहनत कागदी फुलांवर आली.

तणतणत घरी आलो. माझी आई समार बेटावरची, तिला मी नानाय म्हणतो. ती मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "फुलं केलीस तर आत तरी राहशील. फाटकाबाहेरून काय, कुत्रीही भुंकतात."

मग फुलं केली. त्या मे महिन्यात कमानींच्या निमित्तानं हॉलच्या चाव्या तीन आठवडे माझ्याकडे होत्या, आणि भिंतीवर लावलेला बजेटचा तक्ता मी पहिल्यांदा वाचला. त्यातून काय निघालं ते पुढे सांगतो.

बाहेरून येणाऱ्यांना वाटतं, फिलिपिन्स किती मोकळा! प्रत्येक गल्लीत एक बाक्ला, प्रत्येक पार्लरात दोन, गावजत्रेला मिस गे स्पर्धा, सांताक्रुसानच्या मिरवणुकीत बाक्ला राणी होऊन चालतेय. समलिंगी असणं हा इथे गुन्हाही नाही. सगळं खरं. पण ही जागा भाड्याची आहे. केस काप, कमानी कर, हसव, आणि महिन्याअखेर घरच्यांना पैसे पाठव. भाडं थकलं की घरमालकाचा चेहरा बदलतो. हा लेख त्याच भाड्याच्या दारातून आत शिरून पुढे काय करायचं याबद्दल आहे. माझी वस्ती केझोन सिटीतली, शहराच्या १४२ बरांगायांपैकी एक. दुसऱ्या शहरात नियम थोडे वेगळे असतील, माणसं सारखीच.

आधी हाका ऐका

मला दोन हाका होत्या. एक बाक्ला. दुसरी बुंबाय. इथे कुठलाही भारतीय दिसला की तो बुंबाय. मोटरसायकलवरून दारोदार फिरत पाच देऊन सहा वसूल करणारा सावकार म्हणजे बुंबाय, आणि पोरं जेवेनात की "बुंबाय पोत्यात घालून नेईल" ही भीती. हे सावकार बहुतेक पंजाबी असतात. माझे बाबा मात्र खरोखर मुंबईचे, गिरगावातले, जहाजाच्या इंजिनरूममधून उतरून इथे राहिलेले. आमच्या गल्लीत तो शब्द आजवर एकाच माणसाला अचूक बसला.

वस्तीत काम करायचं तर या हाकांवर पहिल्या दिवशी चिडून चालत नाही. कोण कुठल्या सुरात म्हणतं ते ऐका. 'बाक्ला' या शब्दात समलिंगी पुरुष, बायकी वागणारा मुलगा आणि ट्रान्स बाई असे सगळे एकत्र बसतात. सेबूकडचा माणूस 'बायोत' म्हणेल, इलोइलोकडचा 'आगी'. बायकांसाठी 'टॉमबॉय' किंवा 'तिबो'. सेमिनारमध्ये शिकवलेले शब्द बरोबर असतात, पण सत्तर वर्षांच्या लोलाला म्हणजे आजीला ती 'बाक्ला' म्हणाली म्हणून दुरुस्त करायला गेलात तर ती पुढच्या वेळी तुमच्याशी बोलणारच नाही. समोरचा स्वतःला जे म्हणवून घेतो ते तुम्ही म्हणा. बाकीचं आपोआप पसरतं. शिवीच्या सुरात हाक आली तर मात्र ऐकून घेऊ नका. त्याचा कायदा खाली येतोय.

आपापसातली भाषा वेगळीच, तिला बेकी म्हणतात. तिच्यात आईला 'मुद्रा' म्हणतात, आणि जी वयस्क बाक्ला तुम्हाला हाताशी धरून शिकवते तीही मुद्राच. बाबांना हे कळलं तेव्हा खूप हसले, म्हणाले, "चेहऱ्यावर असते ती, की अंगठीवरची?" माझ्या मुद्राचा चेहरा पाहिला असता तर दोन्ही म्हणाले असते.

भाषेची आणखी एक गंमत मराठी वाचकांनाच कळेल. तागालोगमध्ये तो नाही, ती नाही, फक्त 'सिया'. क्रियापदालाही लिंग नाही. दिवसभर बाहेर मी कोण आहे हे न सांगता बोलता येतं. घरी बाबांशी मराठीत बोलायला तोंड उघडलं की पहिल्याच वाक्यात ठरवावं लागे, आलो की आले. माझ्याइतका व्याकरणाला घाबरलेला मुलगा केझोन सिटीत दुसरा नसेल. या लेखात 'आलो' लिहितोय ते बाबांच्या सवयीनं. मनात कधी कधी 'आले'ही असतं.

आणि तीन शब्द, जे कळल्याशिवाय इथे कुठलीच बैठक कळत नाही. 'हिया' म्हणजे भीड आणि लाज यांच्या मधलं काहीतरी. 'पाकिकिसामा' म्हणजे चारचौघांत मिळूनमिसळून राहणं, मनाविरुद्ध असलं तरी. 'उतांग ना लोओब' म्हणजे उपकाराचं असं ऋण, जे फेडून संपत नाही. काप तुम्हाला बैठकीत सरळ 'नाही' म्हणणार नाहीत. "बघू या" म्हणतील. ते नाहीच असतं. लोकांसमोर त्यांना कोंडीत पकडू नका. मागच्या दारी, कॉफीच्या वेळी विचारा.

मग कागद

खुर्च्या उचलून ओळख झाली की कागदाकडे वळा. इथेच बहुतेक उत्साही मंडळी थकतात, आणि इथेच काम होतं.

मोठा कायदा अजून नाही हे आधी पचवा. भेदभावाविरुद्धचं विधेयक २००० सालापासून संसदेत घिरट्या घालतंय. सोगी (लैंगिक कल आणि लिंगओळख) समानता विधेयक म्हणतात त्याला, इथला उच्चार मात्र 'सोजी'. २०१७ च्या सप्टेंबरात प्रतिनिधिगृहात ते १९८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं तेव्हा मी नाचत घरी गेलो. बाबा म्हणाले, "सोजीचं बिल? रव्यावर कर लावला की काय?" सिनेटमध्ये ते विधेयक तसंच पडून मेलं. खरंच रव्याचं असतं तर एव्हाना शिजलं असतं.

तोवर हाताशी काय आहे? केझोन सिटीचा २०१४ चा जेंडर-फेअर अध्यादेश आहे. नोकरी, शाळा, सेवा यांत भेदभाव केला तर दंडाची तरतूद त्यात आहे. तुमच्या शहरात असा अध्यादेश असेल तर त्याची झेरॉक्स पिशवीत हवीच. देशभर लागू असलेला २०१९ चा सेफ स्पेसेस कायदा आहे, त्याला लोक 'बावाल बास्तोस' म्हणतात. रस्त्यात कुणी बाक्ला किंवा ट्रान्स असण्यावरून शिवीगाळ केली तर पहिल्या गुन्ह्याला १,००० पेसो दंड आणि १२ तास समाजसेवा. आमच्या गल्लीतल्या ट्रायसिकल थांब्यावर मी या कलमाची मोठ्या अक्षरांतली प्रत चिकटवली. दंड आजवर कुणाला झाला नाही, पण १२ तास झाडू मारावा लागेल या कल्पनेनं थांबा बऱ्यापैकी सुधारला.

आता ती भिंतीवरची गोष्ट. २००९ च्या मॅग्ना कार्टा ऑफ विमेन या कायद्यानुसार प्रत्येक सरकारी घटकानं, अगदी बरांगायनंसुद्धा, बजेटचा किमान पाच टक्के भाग लिंगभाव आणि विकास यासाठी ठेवायचा असतो. त्याला सगळे 'गॅड' म्हणतात. आमच्याकडे हा पैसा झुंबा आणि महिला दिनाच्या टीशर्टवर जात होता. झुंबाशी माझं वैर नाही, मीही नाचतो. पण पाच टक्के म्हणजे भरपूर झुंबा!

तर असं करा. सेक्रेटरीकडून या वर्षाचा गॅडचा आराखडा मागा. खुर्च्या उचलल्या असतील तर ती देईल. तो वाचा. पुढच्या वर्षाचा आराखडा आदल्या वर्षीच शिजतो, म्हणून जानेवारीत अर्ज घेऊन धावू नका, भांडी घासायची वेळ झालेली असते. अर्ज अर्ध्या पानाचा. एकच काम, एकच आकडा, तारीख, आणि कोण करणार ते. आमचा पहिला अर्ज होता: तानोद लोकांसाठी, म्हणजे रात्री गस्त घालणाऱ्या बरांगायच्या रखवालदारांसाठी, एक दिवसाचं प्रशिक्षण. जेवण धरून ८,००० पेसो. 'समावेशन' वगैरे शब्द मुद्दाम गाळले. "रात्री पार्लर बंद करून घरी जाणाऱ्या मुलींना तानोद अडवतात, ते थांबावं" एवढंच लिहिलं. पैसे मंजूर झाले ५,०००. पान्सित बिहोन (तांदळाच्या शेवया) आणि तुरोनवर (तळलेली केळी) भागवलं.

बरांगायची सर्वसाधारण सभा वर्षातून दोनदा होते. मत मांडायला पंधरा वर्षं वय, सहा महिन्यांचं वास्तव्य, नागरिकत्व आणि सेक्रेटरीच्या यादीत नाव लागतं. बहुतेकांना ती यादी असते हेच माहीत नसतं. पार्लरमधल्या सगळ्यांना एका दुपारी घेऊन जा आणि नावं घालून या. तुमचा गट नोंदणीकृत असेल तर आणखी एक दार उघडतं: बरांगायच्या विकास परिषदेत किमान एक चतुर्थांश जागा स्वयंसेवी संस्थांच्या असाव्यात, असं स्थानिक शासनाचा कायदा सांगतो. त्या जागा रिकाम्याच पडलेल्या असतात. आणि सांगुनियांग काबाताआनमधल्या, म्हणजे तरुणांच्या परिषदेतल्या पोरांशी मैत्री ठेवा. त्यांच्याकडे स्वतःचं बजेट असतं आणि कल्पना कमी असतात.

मारहाणीचं प्रकरण आलं तर एक फरक पाठ असू द्या. बाईला तिच्या जोडीदारानं मारलं, आणि ती जोडीदार बाई असली, तरीही २००४ चा महिला अत्याचारविरोधी कायदा लागू होतो. सुप्रीम कोर्टानं २०१३ साली तसं स्पष्ट म्हटलंय. बरांगाय पंधरा दिवसांचा संरक्षण आदेश देऊ शकतं, आणि अशा प्रकरणात "आपसात मिटवा" असा दबाव आणायला त्यांना मनाई आहे. पुरुषाला त्याच्या पुरुष जोडीदारानं मारलं तर हा कायदा नाही, साधी मारहाणीची तक्रार करावी लागते. दोन्ही वेळा सोबत जा. एकटा माणूस बाकावर बसला की मिटवूनच उठतो.

रात्री साडेअकराला दार वाजलं तर

वाजतंच. आमच्याकडे आलेला पहिला मुलगा सोळा वर्षांचा, हातात शाळेची बॅग आणि राइस कुकर. घरातून निघताना त्यानं कुकर का उचलला ते त्यालाही सांगता येईना.

आधी जेवायला घाला. फोन चार्जिंगला लावा. काय झालं ते विचारू नका, भात पोटात गेला की तो स्वतः सांगतो. आणि आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण चांगल्या मनाची माणसं इथेच चुकतात: अठरा वर्षांखालचं मूल गुपचूप स्वतःच्या घरी ठेवून घ्यायचं नाही. तुमच्यावर बालंट येईल हे एक, आणि दुसरं म्हणजे वाईट हेतूची माणसंही नेमकं असंच करतात, तेव्हा वस्तीला फरक दिसला पाहिजे. त्याच रात्री बरांगायच्या बालसंरक्षण समितीतल्या एकीला फोन करा, सकाळी शहराच्या सोशल वर्करला. सगळं वहीत लिहा, वेळेसकट.

मग नातलगांमध्ये एक माणूस शोधा. आईबापांपासून सुरुवात करू नका. फिलिपिनो कुटुंबात खरी सत्ता बहुतेक वेळा लोलाकडे नाहीतर परदेशातून पैसे पाठवणाऱ्या एखाद्या तीताकडे, म्हणजे मावशी-आत्याकडे असते. कुकरवाल्याची लोला दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. तिला मी वाकून 'मानो' केलं, तिचा हात कपाळाला लावला. ती म्हणाली, "कुकर माझाच आहे. दोघांनाही आत आण."

तब्येतीच्या गोष्टी थोडक्यात. २०१८ च्या एचआयव्ही कायद्यानं पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय तपासणी करून घेता येते. केझोन सिटीत क्लिनिका बेर्नार्दोसारखी शहराची केंद्रं आहेत, तिथे पैसे लागत नाहीत. तुम्ही सोबत जा, बाहेर बसा, निकाल विचारू नका. ज्या दिवशी तुमच्या तोंडून कुणाचा निकाल बाहेर पडेल त्या दिवशी दुकान बंद करा.

लामाय

वस्तीत कोण कुणाचं हे मयतीला कळतं.

२०१८ च्या नोव्हेंबरात माझी मुद्रा गेली. तीस वर्षं पार्लर चालवलं. कोपऱ्यावरच्या तीन पिढ्यांच्या लग्नाचे केस तिनं बांधले. पाऊल आणि पोट दोन्ही मोठं, आवाज त्याहून. सतरा वर्षं एकाच माणसाबरोबर संसार केला. गावाकडून दोन भाऊ आले. येताना बारोंग घेऊन आले, पुरुषांचा झिरझिरीत भरतकामाचा शर्ट. केस कापायला सांगितलं. तिच्या जोडीदाराला दारात अडवलं नाही, पण विचारलंही नाही. इथल्या फॅमिली कोडमध्ये लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई. कोर्टात गेलेली याचिकाही पुढे २०१९ साली फेटाळली गेली. कागदावर तो तिचा कोणीच नव्हता.

लामाय म्हणजे दफनाआधीचं जागरण, तीन ते सात रात्रींचं. शवपेटी घरात किंवा कव्हर्ड कोर्टवर, पत्त्यांचा डाव, बिस्किटं, इन्स्टंट कॉफी, आणि 'आबुलोय' म्हणजे मदतीच्या पाकिटांची वही. आमच्यातल्या तरुणांना पहिल्याच रात्री फलक घेऊन उभं राहायचं होतं. मी नको म्हटलं. आजही तेच सांगेन, जरी ते ऐकून काही जण मला घाबरट म्हणतात. मयताच्या घरात आवाज चढला की हरतो तो आपणच.

आम्ही काय केलं ते सांगतो, जमलं तेवढं उचला. आबुलोयची वही मागून घेतली. वही ज्याच्या हातात, तो घरचा. तिच्या जोडीदाराला शवपेटीजवळच्या पहिल्या खुर्चीवर बसवलं आणि खुर्ची रिकामी पडू दिली नाही. तो उठला की आमच्यातलं कुणीतरी बसायचं. शेजारच्या लोलांना आलटूनपालटून बोलावलं. त्या भावांजवळ बसून आठवणी सांगायच्या: माझ्या मुलीच्या लग्नात हिनं पैसे घेतले नाहीत, वादळात आमचं छप्पर उडालं तेव्हा हिच्या पार्लरात झोपलो. वाद कुणीच घातला नाही. दुसऱ्या रात्री धाकटा भाऊ म्हणाला, केस राहू देत.

मयताला रंगवणारा मुलगाही आमच्यातलाच निघाला. त्यानं भावांना विचारलं, "चेहरा फार फिका दिसतोय, थोडा रंग देऊ?" ते हो म्हणाले. थोडा म्हणजे किती हे त्यांनी विचारलं नाही. भुवया तिच्या आवडीच्या, कमानदार. ओठांवर तिचीच लिपस्टिक. बारोंग मात्र राहिला. मोत्यांचे डूल जोडीदारानं बारोंगच्या खिशात ठेवले. मला ते आजही सलतं.

म्हणून आता कागदाचा सल्ला, आणि हा टाळू नका. सिव्हिल कोडचं ३०७ वं कलम म्हणतं की अंत्यविधी मृत व्यक्तीनं व्यक्त केलेल्या इच्छेप्रमाणे व्हावा. इच्छा सिद्ध करता आली पाहिजे, एवढंच. तेव्हा एका कागदावर लिहा: मला कोणत्या नावानं हाक मारा, कोणता ड्रेस घाला, केस कसे, सगळं कुणी ठरवायचं. ड्रेसचा फोटो जोडा. नोटरी करा. तीन प्रती: जोडीदार, मैत्रीण, आणि घरच्यांपैकी जो सगळ्यात मऊ असेल तो. दरवर्षी नोव्हेंबरात, उन्दासला म्हणजे मृतांच्या सणाला स्मशानातून परत आलो की आम्ही पार्लरात बसून हे कागद भरतो. फार हसतो. एकीनं सहा ड्रेस लिहिले, एक एका रात्रीचा.

मृत्युपत्र वकिलाशिवायही करता येतं, फक्त ते पूर्ण स्वतःच्या हातानं लिहिलेलं, तारीख घातलेलं आणि सही केलेलं हवं. टाइप केलेलं या प्रकारात चालत नाही. मुलं आणि आईवडील यांचा हिस्सा कायद्यानं राखीव असतो, भावंडांचा नसतो. मुद्राला हे माहीत असतं तर पार्लर भावांकडे गेलं नसतं. आणि दवाखान्यासाठी केझोन सिटीनं २०२३ मध्ये 'राइट टू केअर' कार्ड सुरू केलंय. नोटरी केलेल्या मुखत्यारपत्राच्या आधारावर जोडीदाराला उपचारांचे निर्णय घेता येतात. जिवंतपणी तो कागद सोन्याचा. माणूस गेल्यावर मुखत्यारपत्र संपतं, म्हणून वरचा कागद वेगळा लागतोच.

आणखी एक गोष्ट लामायमधली. तिथून उठून थेट घरी जायचं नसतं, नाहीतर मेलेल्याची सावली मागे येते म्हणतात. वाटेत कुठेतरी थांबून ती झटकायची, त्याला 'पागपाग' म्हणतात. त्या पाच रात्री आम्ही अकरा जण चोवीस तास उघड्या दुकानाच्या पायरीवर थांबत होतो. आमचा गट म्हणून जो काही आहे तो त्या पायरीवर झाला. कुणी अध्यक्ष ठरवला नव्हता, फक्त सिगरेट कुणाची आणि छत्री कुणाची एवढंच ठरायचं. तुम्ही 'आपली माणसं' शोधत असाल तर मीटिंगनंतर कोण रेंगाळतं ते पाहा.

म्हाताऱ्यांना विसरू नका

मनिलाजवळच्या पासायमध्ये नगरसेवक आणि स्तंभलेखक हुस्तो हुस्तो यांनी १९७० च्या दशकात वृद्ध बाक्लांसाठी घर सुरू केलं. तिथल्या मंडळींना गोल्डन गेज म्हणतात. २०१२ साली ते गेले आणि घरही गेलं. म्हातारे मात्र एकमेकांना धरून राहिले, गाऊन घालून कार्यक्रम करत. हे ऐकून सगळ्यांचे डोळे भरतात आणि पुढच्या महिन्याचा एसएसएसचा, म्हणजे सामाजिक सुरक्षा योजनेचा, हप्ता कुणीच भरत नाही.

तो भरा. पार्लरात काम करणारा माणूस स्वयंरोजगारी म्हणून सामाजिक सुरक्षेत नाव नोंदवू शकतो. १२० मासिक हप्ते झाले की म्हातारपणी पेन्शन मिळते. दहा वर्षं होतात त्याची. पन्नाशीच्या बाक्लाला हे गणित मांडून दाखवणं हे माझ्या मते कुठल्याही मोर्चाइतकं मोठं काम आहे, आणि जास्त कंटाळवाणं. साठी झाली की ज्येष्ठ नागरिक ओळखपत्रासाठी सोबत जा. वीस टक्के सवलत मिळते, औषधांवर सुद्धा. ओळखपत्रावर जुनं नाव छापलेलं पाहून आमच्यातली एक रांगेतून पळून गेली होती. तिला परत नेलं, तिच्या आधी मी काउंटरवर गेलो आणि हळूच सांगितलं की आडनावानंच हाक मारा. मारली. नाव बदलणं कठीण असतं, हाक बदलणं पाच मिनिटांचं काम असतं.

जूनमध्ये

२६ जून १९९४ रोजी केझोन मेमोरियल सर्कलला एक छोटा मोर्चा निघाला होता. आशियातला पहिला प्राइड म्हणून तो ओळखला जातो. मी चौदा वर्षांचा होतो. सर्कल घरापासून एका जीपनीच्या (इथली शेअर जीप) अंतरावर, तरी मला ती बातमी कितीतरी वर्षांनी कळली. आता जूनमध्ये शहरात मोर्चा निघतो तिथे पाय ठेवायला जागा नसते. जा. पावसाळा असतो, म्हणून छत्रीऐवजी प्लास्टिकचा कोट न्या, नाहीतर मागच्याचे डोळे फोडाल. वस्तीतून येणाऱ्यांचं जीपनीचं भाडं आधीच गोळा करून ठेवा. ज्यांच्याकडे ते नसतं ते तसं सांगत नाहीत, "आज पोट दुखतंय" म्हणतात.

एकटे गेलात आणि सगळे गटागटानं नाचतायत असं दिसलं तर पाण्याच्या बाटल्या वाटणाऱ्यांकडे जाऊन खोकं उचला. खुर्च्यांचाच नियम.

टार्प, म्हणजे छापील ताडपत्री, परत आणायला विसरू नका. चार बाय आठ फुटांचा आमचा इंद्रधनुषी टार्प २०१९ च्या मोर्चानंतर मी घरामागे वाळत घातला आणि तो गायब झाला. दोन आठवड्यांनी समोरच्या काकांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर दिसला. झुंजीचे कोंबडे, जिवापाड जपलेले. हे गृहस्थ सात वर्षांत माझ्याशी बोलले नव्हते, मी दिसलो की थुंकायचे. मी काहीच म्हटलं नाही. पुढच्या मे महिन्यात फाटकाशी येऊन उभे राहिले, नजर जमिनीकडे. म्हणाले, "यंदा छापणार असाल तर थोडा मोठा छापा. डाव्या बाजूनं गळतंय."

सहा बाय दहाचा छापला. १०० पेसो त्यांनी दिले, बाकीचे अजून यायचेत.